लाटणे, कांदा आणि जाहीरनामा

2024 हे निवडणुकांचे वर्ष होते. एप्रिल ते जून या काळात भारतात लोकसभेची निवडणूक झाली, 4 जुलैला इथे ब्रिटनमध्ये मतदान झाले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात विधानसभेच्या प्रचाराचा धुरळा उडाला. आपल्यातल्या अनेकांची मोठी गंमत आहे. पासपोर्ट भारताचा असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपण इथे मत देऊ शकतो. तिकडे मात्र 2011 पासून मतदारयादीत नाव घालता येत असले, तरी मत द्यायला जातीने केंद्रावर हजर राहावे लागते. त्यामुळे बहुतेकांचे तिकडचे मत व्हॉट्सअॅपवरच पडते!

मंडळाच्या अंकात पक्षीय प्रचार नको, हा आपला जुना संकेत. तो मी पाळणार आहे. पण पक्ष कोणताही असो, देश कोणताही असो, जाहीरनामा उघडला की दोन शब्द हमखास भेटतात: महागाई आणि रोजगार. एकाला आवर घालू, दुसरा मिळवून देऊ. गेल्या साठ वर्षांत या दोन वचनांचे काय काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख. वाचताना एक प्रश्न मनात असू द्या. या वचनाचे पैसे कोण भरणार? जाहीरनाम्यात त्याचे नाव सहसा नसते.

मंडळातल्या ज्येष्ठांना 1974 चा हिवाळा आठवत असेल. ज्यांचे वडील किंवा आजोबा तेव्हा इथे डॉक्टर म्हणून नुकतेच आले होते, त्यांनी घरी जरूर विचारावे. आठवड्यात तीनच दिवस कारखाने चालत, वीज जाई, मेणबत्त्या लावून जेवणे होत. 1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचे भाव चढवले, त्यात इथल्या खाणकामगारांचे आंदोलन सुरू झाले. 1975 पर्यंत ब्रिटनमधली महागाई 24 टक्क्यांवर पोचली. तिकडे भारतात 1974-75 या वर्षात घाऊक किमती सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्या. लंडन आणि मुंबई या दोन शहरांतल्या गृहिणींची पाकिटे एकाच वेगाने रिकामी होत होती, असे इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

दोन्हीकडच्या राजकारणाने दिलेली उत्तरे मात्र वेगळी होती. लेबर पक्षाने फेब्रुवारी 1974 च्या जाहीरनाम्यात खाद्यपदार्थांना अनुदान देण्याचे वचन दिले, आणि सत्तेवर आल्यावर भावांसाठी एक स्वतंत्र खातेच काढले. शर्ली विल्यम्स त्याच्या मंत्री झाल्या. ब्रेड, दूध, लोणी यांना काही काळ सरकारी अनुदान मिळाले.

मुंबईत उत्तर दिले ते बायकांनी. 1972 मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. त्यात समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. यांच्या पक्षांचे एकमेकांशी पटत नसे, पण रॉकेल आणि साखर मिळत नाही यावर एकमत होते. गिरगाव, दादर, परळच्या ज्या बायका कधी मोर्चात गेल्या नव्हत्या, त्या हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. लाटण्याने थाळ्या बडवत हे मोर्चे निघत. आपल्या नव्या पिढीसाठी सांगतो, लाटणे म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातले पोळ्या लाटायचे तेच. त्या काळात ते मंत्र्यांना घाम फोडणारे हत्यार झाले होते.

सरकारने महागाई रोखायला काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. 1974 मध्ये कायदा करून पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकायला लावला. मे महिन्यात रेल्वे कामगारांचा संप झाला, तो मोडून काढला. पुढे आणीबाणी आली, बोनस कमी झाला. भाव खरोखर उतरले. 1975-76 मध्ये घाऊक किमती किंचित खाली आल्या. त्याचे पैसे कामगाराच्या खिशातून गेले होते.

1977 च्या निवडणुकीत जनता पक्षाने भाकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही देऊ, असे म्हटले. दहा वर्षांत दारिद्र्याची अखेरची पायरी पुसून टाकू, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढू आणि कामाचा हक्क मान्य करू, अशी ती वचने होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. पाण्यासाठीच्या लढ्यामुळे मृणालताईंना पानीवाली बाई म्हणत, आणि त्या वर्षीची ती घोषणा, पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में, आजही जुने मुंबईकर हसत हसत सांगतात. मालमत्तेचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने खरोखर निघाला. कामाचा हक्क मात्र घटनेच्या 41 व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांत होता तिथेच राहिला. तो हक्क कोर्टात मागता येत नाही. तेवढ्यात 1979 मध्ये पुन्हा तेल भडकले, पाऊस दडी मारून बसला, कांदा महागला. जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी 353 जागा घेऊन परत आल्या. त्या निवडणुकीला कांद्याची निवडणूक हे नाव पडले ते कायमचे.

दिल्लीत हे चालले असताना, ज्या गोष्टीचे वचन देशाच्या पातळीवर हवेत विरले होते, ती महाराष्ट्रात कायदा होऊन बसली होती. तिची हकीकत जरा सावकाश सांगतो, कारण आपल्याकडे ती फार कमी जणांना ठाऊक असते.

वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. 1960 पासून 1978 पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. गाजलेले वक्ते नव्हेत, गर्दी खेचणारे पुढारी नव्हेत. गावात काम मागणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसाला सरकारने काम दिलेच पाहिजे, एवढे एकच म्हणणे त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे चिकाटीने मांडले. साठच्या दशकाच्या अखेरीस तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. 1972 मध्ये योजना राज्यभर न्यायचे ठरले, आणि त्याच वर्षी तो दुष्काळ आला. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आपल्या आजी-आजोबांना खडी फोडणे, सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो आठवतो. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे राबत होती. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या.

दुष्काळ सरला, पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. सरकारला काम काढता येते. मग ते दुष्काळातच का? कामावरच्या मजुरांच्या संघटना आणि डावे पक्ष हा प्रश्न विचारत राहिले. रोजगार हमी पुन्हा सुरू झाली, 1977 मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याने नाव नोंदवायचे, पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता. बाई-पुरुषाला मजुरी सारखी. कामे कसली, तर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, विहिरी.

आता पैशांचे पाहा. आपल्यापैकी जे पुण्या-मुंबईत नोकरी करून इकडे आले, त्यांनी जुने पगारपत्रक काढून बघावे. प्रोफेशनल टॅक्स म्हणून महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला अडीच हजार, कापलेले दिसतील. इन्कम टॅक्सच्या मोठ्या आकड्याशेजारी त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. हा व्यवसाय कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. तेव्हा रक्कम अर्थातच फार लहान होती. जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असा नियम. वरळीतल्या हापिसात बसलेला कारकून बीडच्या बाईची मजुरी भरत होता, आणि हे कायद्यात उघड लिहिलेले होते. भारतातल्या निवडणुकीच्या वचनांत मला याला जोड सापडत नाही.

शहरी मध्यमवर्गाने हे का सोसले? काहींना दुष्काळाची लाज वाटत होती, हे खरे. पण गावात काम मिळाले तर लोंढे मुंबईला येणार नाहीत, हा हिशेबही होता. बागायतदारांना विहिरी आणि रस्ते मिळत होते. मजुराला काम मिळत होते. प्रत्येकाला काही ना काही मिळाल्यामुळे योजना टिकली. ती निष्कलंक होती असे मुळीच नाही. खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी, कागदावरचे तलाव, सगळे झाले. 1988 मध्ये किमान मजुरी जवळजवळ दुप्पट झाली आणि सरकारने कामे काढतानाच हात आखडता घेतला. मजुरी वाढली, हजेरी घटली. 1990 नंतर फळबागा रोजगार हमीला जोडल्या गेल्या; आंबा, काजू, डाळिंब लावायला अनुदान मिळू लागले. मे महिन्यात आपण इथे ज्या हापूसच्या पेट्यांसाठी नंबर लावतो, त्यातला एखादा आंबा या योजनेच्या झाडाचा असायला हरकत नाही.

दिल्लीला मात्र यातून शिकायला पंचवीस वर्षे लागली. 1989 मध्ये राष्ट्रीय आघाडीने कामाचा हक्क मूलभूत करू म्हटले, ते राहून गेले. 2004 मध्ये काँग्रेसने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षात शंभर दिवस काम देण्याचे वचन जाहीरनाम्यात घातले, ते किमान समान कार्यक्रमात आले, 2005 मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी 2006 मध्ये काम सुरू झाले. पागे तोवर हयात नव्हते. दिल्लीचा कायदा महाराष्ट्रापेक्षा देशभर पसरला हे मोठेच झाले, पण दोन फरक नजरेआड करू नयेत. महाराष्ट्रात दिवसांची मर्यादा नव्हती, दिल्लीने शंभर दिवसांची घातली. आणि दिल्लीच्या त्या कायद्यात त्यासाठी वेगळा कर नव्हता. दर अर्थसंकल्पात किती रक्कम द्यायची यावर दरवर्षी नवी ओढाताण होई.

इथे ब्रिटनमध्ये त्याच काळात वारे उलट दिशेने वाहत होते. 1978 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे एक पोस्टर झळकले: बेकारांची लांबच लांब रांग आणि वर लेबरच्या नावावर कोटी. त्या रांगेतली माणसे बेकार नव्हतीच. हेंडनच्या तरुण कार्यकर्त्यांचे फोटो काढून, तेच तेच चेहरे जोडून रांग लांबवली होती. तेव्हा देशात सुमारे 15 लाख बेकार होते. मार्गारेट थॅचर 1979 मध्ये निवडून आल्या. त्यांच्या जाहीरनाम्यात खरे पहिले स्थान महागाई आटोक्यात आणण्याला होते. ते वचन त्यांनी पाळले, 1983 पर्यंत महागाई पाच टक्क्यांच्या खाली आली. बेकारांची संख्या मात्र 1982 च्या सुरुवातीलाच 30 लाखांवर गेली होती. तरी 1983 मध्ये त्या 397 जागा घेऊन जिंकल्या. यात फॉकलंडच्या युद्धाचा आणि फुटलेल्या विरोधकांचाही वाटा होता. पण हिशेब साधा आहे: महागाईची झळ प्रत्येक मतदाराला लागते, बेकारीची झळ दहांतल्या एकाला. त्या एकाने सर्वांचे बिल भरले.

रोजगाराच्या वचनात आणखी एक पोटप्रश्न असतो, आणि तो आपल्याला, परदेशात राहणाऱ्यांना, जास्त बोचायला हवा. नोकऱ्या किती, याच्या आधी नोकऱ्या कोणाला? 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली ती याच प्रश्नावर. त्याआधी मार्मिक साप्ताहिकातून मुंबईतल्या कंपन्यांतल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात, वर मथळा असे, वाचा आणि थंड बसा. मराठी मुलाला त्याच्याच शहरात नोकरी मिळत नाही, ही व्यथा खोटी नव्हती. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी त्या याद्या चवीने वाचल्या गेल्या. आणि 2007 मध्ये गॉर्डन ब्राऊन यांनी ब्रिटिश नोकऱ्या ब्रिटिश कामगारांना, असे वाक्य टाकले, तेव्हा त्याच घरातली आपण मंडळी व्हिसाचे कागद चाळत बसलो होतो. त्याच्या आदल्या वर्षीच युरोपबाहेरच्या डॉक्टरांची परवान्याविना प्रशिक्षणाची सोय बंद झाली होती. भारतातून आलेले कितीतरी तरुण डॉक्टर परीक्षा पास होऊन नोकरीविना अडकले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला आणि 2008 मध्ये त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा जिंकला. यादीत आपले नाव कोणत्या बाजूला आहे, यावर त्या वचनाची चव ठरते.

महागाईकडे परत येऊ. भाव बाजारात ठरतो, तेल अरबस्तानात ठरते, पाऊस कोणीच ठरवत नाही. त्यामुळे महागाई कमी करू हे वचन पाळणे अवघड, हे राजकारणी लवकर ओळखतात. मग ते एखादी वस्तू स्वस्त देतात. 1967 मध्ये अण्णादुराईंनी मद्रासमध्ये रुपयाला तीन पडी तांदूळ देऊ म्हटले आणि प्रत्यक्षात, तेही दोन शहरांत, एक पडी दिला. 1983 मध्ये एन. टी. रामाराव दोन रुपये किलो तांदळावर आंध्रात सत्तेवर आले. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीने महाराष्ट्रात जीवनावश्यक वस्तूंचे भाव पाच वर्षे गोठवण्याचे आणि एक रुपयात झुणका-भाकर देण्याचे वचन दिले. केंद्रे निघाली, उद्घाटने झाली. पण ज्वारी, बेसन आणि गॅस यांचे भाव काही गोठत नाहीत. अनुदान आटले तशी भाकर गेली आणि टपऱ्या राहिल्या. पुढे त्याच टपऱ्यांत वडापाव आणि चायनीज खाल्ल्याचे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. रोजगाराचे वचनही होतेच. शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीत चक्क मायकल जॅक्सन नाचला. राज्य सरकारने त्या कार्यक्रमाचा करमणूक कर माफ केला, आणि तो वाद पुढे कितीतरी वर्षे कोर्टात रेंगाळला.

आणि कांदा? 1998 च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत कांदा चाळीस रुपयांच्या पुढे गेला. भाजपने ऐन निवडणुकीपूर्वी मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणले, पण काँग्रेसने 70 पैकी 52 जागा घेतल्या. तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक सरकारने कांद्याची धास्ती घेतली आहे. भाव चढायला लागला की निर्यात बंद, हा ठरलेला उपाय. त्याने दिल्लीची गृहिणी सुखावते. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी मात्र त्याच दिवशी खड्ड्यात जातो. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण शुल्क राहिले. 20 मेला नाशिक जिल्ह्यात मतदान होते. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून अधिक मतांनी हरल्या. 1998 मध्ये कांदा खाणाऱ्यांनी सरकार पाडले, 2024 मध्ये कांदा पिकवणाऱ्यांनी मंत्री पाडला. दोन्ही वेळा कारण म्हणजे कांद्याचा भाव, एकदा चढलेला आणि एकदा पाडलेला.

इथली जुलैची निवडणूकही याच धड्यातली. जानेवारी 2023 मध्ये ऋषी सुनक यांनी पाच वचने दिली, त्यातले पहिले होते महागाई निम्मी करण्याचे. तेव्हा ती साडेदहा टक्क्यांच्या पुढे होती, वर्षअखेरीस 4 टक्क्यांवर आली आणि मे 2024 मध्ये 2 टक्के झाली. वचन पाळले गेले. पक्ष 121 जागांवर आला. असे का, हे आपल्या शाळकरी मुलांना सांगायचे असेल तर पावाचे उदाहरण घ्या. एक पौंडाचा पाव 11 टक्क्यांनी वाढून एक पौंड अकरा पेन्सचा झाला, पुढच्या वर्षी महागाई 4 टक्के झाली तेव्हा तो साधारण एक पौंड पंधरा पेन्सचा झाला. महागाई उतरली म्हणजे भाव चढायचा वेग उतरला. भाव तिथेच. टेस्कोत उभ्या असलेल्या माणसाने पावाची किंमत पाहिली, टक्केवारी नव्हे.

महाराष्ट्रात 2024 मध्ये नवी रीत आली. वस्तू स्वस्त करण्याऐवजी पैसे थेट बाईच्या खात्यात. लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये ऑगस्ट 2024 पासून जमा होऊ लागले. वर्षाचा खर्च तेव्हा सरकारनेच सुमारे 46 हजार कोटी सांगितला होता. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्या बाईच्या नावावर कधी खाते नव्हते, तिच्या हातात स्वतःचे पैसे येणे ही लहान गोष्ट नाही. दुसऱ्या पक्षांच्या राज्यांतही अशाच योजना आहेत, कर्नाटकात दोन हजार देतात. त्या वर्षीच्या प्रचारात रकमेची बोली वाढली. पण दीड हजार रुपये महागाईबरोबर वाढण्याची तरतूद नव्हती, आणि 46 हजार कोटींसाठी वेगळा कर लावलेला नव्हता. वर्षाला अडीच हजारांचा तो जुना व्यवसाय कर मात्र चालू आहे. भारतात नोकरीला असलेल्या भावंडांना या महिन्याचे पगारपत्रक पाहायला सांगा. तुम्ही हे वाचत असाल तेव्हाही दोनशे रुपये कापलेले असतील, आणि फेब्रुवारीत तीनशे.